बंदरावरच्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत : एका रॉक गिटारवादकाच्या प्रकल्प नोंदी

रॉक बँडमध्ये वाजवणाऱ्या आणि आता चित्रपट किंवा मालिकेच्या संगीताकडे वळू पाहणाऱ्या वादकांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. काम आहे हर्णे बंदराच्या परिसरात चित्रित झालेल्या ९६ मिनिटांच्या मराठी चित्रपटाचे पार्श्वसंगीत. ध्वनिमुद्रणाची जागा रत्नागिरीतल्या घराची मागची खोली. ऋतू पावसाळ्याचा, म्हणजे या कामासाठी वर्षातला सर्वांत गैरसोयीचा. पण प्रदर्शनाची तारीख पावसाला विचारून ठरत नाही.

३ जून

करारावर सह्या झाल्या. मानधन ‘पॅकेज’ पद्धतीचे आहे, म्हणजे ठरलेल्या एकाच रकमेतून वादकांचे पैसे, स्टुडिओचे भाडे, प्रवास आणि गिटारच्या तारा हे सर्व मलाच भागवायचे आहे. एकूण १,८०,००० रुपये तीन हप्त्यांत मिळणार : सहीच्या वेळी ४० टक्के, संगीत सुपूर्द केल्यावर ४० टक्के आणि अंतिम मिश्रण (संवाद, इतर आवाज आणि संगीत एकत्र जुळवणे) झाल्यावर उरलेले २० टक्के. नव्या माणसाला ही रक्कम मोठी वाटते. दोन पाहुणे वादक आणि एक दिवसाचा बाहेरचा स्टुडिओ एवढे धरले, तरी तिच्यातला मोठा वाटा आधीच गेलेला असतो.

करारात ‘सर्व हक्क कायमचे निर्मात्याकडे’ असे एक कलम होते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कातला संगीतकाराचा समान वाटा त्याला लिहून देता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. निर्मात्याला हे सांगितल्यावर त्यांनी विनातक्रार तसे वाक्य घातले. बँडच्या काळात आम्ही पोस्टरवर नाव कुठे छापायचे यावर रात्रभर भांडत असू आणि कराराची पाने न वाचता उलटत असू.

६ जून

दिग्दर्शक आणि संकलक यांच्याबरोबर चित्रपट पाहून संगीत कुठे सुरू व्हावे आणि कुठे थांबावे याची यादी केली. या बैठकीला धंद्यात ‘स्पॉटिंग’ म्हणतात. माझ्या पहिल्या यादीत जवळजवळ प्रत्येक प्रसंग होता. गाणे सुरू झाले की चार मिनिटे कोणी ना कोणी वाजवत राहायचे, ही बँडची सवय पडद्यासमोर बसूनही सुटत नाही. दिग्दर्शकाने लिलावाचा संपूर्ण प्रसंग यादीतून काढायला लावला. हर्ण्याच्या संध्याकाळच्या मासळी लिलावात आधीच इतके आवाज आहेत, की त्यावर संगीत घालणे म्हणजे भरलेल्या टोपलीवर आणखी बांगडे ओतणे. शेवटी ९६ मिनिटांपैकी सुमारे ३० मिनिटे संगीत ठरले.

संकलकाने तात्पुरते म्हणून परदेशी बँडचे भलेमोठे गिटारवादन अनेक ठिकाणी लावून ठेवले होते. असे ‘टेम्प’ संगीत वारंवार ऐकून दिग्दर्शकाच्या कानात बसते आणि मग त्याला नेमके तेच हवे असते. मी संगीताविना असलेली प्रत मागून घेतली आणि यापुढे टेम्प असलेली प्रत उघडायची नाही असे ठरवले. दिग्दर्शक मात्र सांगून मोकळा झाला : ‘‘दादा, तुम्हाला घेतलंय ते त्या आवाजासाठीच.’’

११ जून

पहिला क्यू, म्हणजे एका प्रसंगासाठीचा संगीताचा तुकडा, केला आणि तो फुकट गेला. मात्र तो का फसला हे समजायला लागलेला वेळ सत्कारणी लागला.

प्रसंग असा, की वादळाची वर्दी आली आहे, किनाऱ्यावर बाप आणि मुलगा होडी वर ओढता ओढता भांडत आहेत. मी खालच्या ई तारेवर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम, लावून लांब पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचे जाड स्वरमेळ) वाजवले. खोलीत ऐकताना अंगावर काटा आला. चित्राबरोबर लावल्यावर बापाचे एकही वाक्य धड कळेना. आवाज कमी केला, तर गिटार नाहीशी झाली आणि संवाद तरीही पुसट राहिले.

कारण साधे आहे. मोकळ्या खालच्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असतो, पण डिस्टॉर्शनमुळे त्याच्यावर स्वरांशांची (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांची) दाट रांग उभी राहते आणि गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झपर्यंत ती सगळी बाहेर टाकतो. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने ज्यांवरून ओळखू येतात, तो १,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा याच्या मधोमध सापडतो. शहरातल्या शांत दिवाणखान्यातला प्रसंग असता, तर इक्वलायझरने गिटारमध्ये खाच पाडून भागले असते. इथे मात्र फुटणारी लाट आणि पत्र्यावरचा पाऊस हे दोन्ही आवाज सर्व कंपनसंख्यांवर एकदम पसरलेले आहेत. ज्याला आम्ही ‘घाण साउंड’ म्हणून मिरवतो, तो आवाज समुद्र या प्रसंगात आधीपासूनच देत आहे. मी त्यात आणखी एक समुद्र घातला होता.

२,००० हर्ट्झच्या आसपास खाच पाडून पाहिली. गिटार पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्यासारखी वाजू लागली. डिस्टॉर्शन अर्धे केले. मग ते ना इकडचे राहिले ना तिकडचे. सगळे पुसून टाकले. निष्कर्ष नोंदवतो : जिथे लाटा, पाऊस आणि संवाद एकत्र आहेत, तिथे डिस्टॉर्शन वापरायचे नाही. जिथे संवाद नाहीत, तिथे पुढे पाहू.

१५ जून

तोच प्रसंग स्वच्छ आवाजावर घेतला. गिटार ओपन डी जुळणीत (मोकळ्या तारा छेडल्या की डी मेजर स्वरमेळ वाजतो अशी) लावली, मानेकडचा पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) निवडला, काचेची स्लाइड (तारांवर घसरवायची नळी) घेतली आणि फक्त खालच्या तीन तारांवर वाजवले. दोन वाक्यांच्या मध्ये बाप श्वास घेतो, तिथे एकेक स्वर सोडला. स्वराचा सुरुवातीचा टणका लपवण्यासाठी व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने हळूहळू उघडत गेलो. संवाद कळू लागले, आणि विशेष म्हणजे लाटेचा आवाजही मोठा वाटू लागला.

यात नवे काहीच नाही. राय कूडर यांनी १९८४ च्या ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये एका स्लाइड गिटारवर अख्खे वाळवंट उभे केले आहे. नील यंग यांनी १९९५ च्या ‘डेड मॅन’साठी चित्रपट पाहता पाहता विद्युत गिटार वाजवली आणि ती भरपूर डिस्टॉर्शनसह वाजवली, पण तो चित्रपट कमी बोलतो, आमचा बाप तोंड मिटत नाही. दाखला घेताना आपल्या चित्रपटात बोलणे किती आहे हे आधी मोजावे, एवढे या दोघांना शेजारी ठेवून ऐकल्यावर कळले.

दिग्दर्शकाला हे रूप पाठवले. तो दोन दिवस गप्प होता, मग ‘चालेल’ असा एका शब्दाचा निरोप आला. त्या शब्दात उत्साह नव्हता.

१९ जून

आजची नोंद सामानाची. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र सतत ८५ च्या वर दाखवत आहे. गिटारच्या मानेचा बाक बदलून तारा वर गेल्या, तो बाक मानेतला ट्रस रॉड (समायोजनाची धातूची सळई) थोडा थोडा फिरवून ठीक करावा लागला; एका दमात फिरवू नये, लाकडाला रात्रभर वेळ द्यावा. साध्या तारा खाऱ्या हवेत चार दिवसांत खरखरीत झाल्या. लेप असलेल्या तारांना दुप्पट पैसे पडले, पण त्या टिकल्या. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. त्या आठवड्याने तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात.

वीज गेली, की घरच्या जुन्या इन्व्हर्टरवर गिटारमध्ये असह्य गुणगुण येते. सिंगल कॉइल पिकअप तर थेट रेडिओच बनतो. शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर घेण्याचा खर्च या पॅकेजमध्ये बसत नाही. त्यावर तोड अशी, की लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (गिटार व मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारे यंत्र) केवळ लॅपटॉपच्या बॅटरीवर चालवायचे, हंबकर (गुणगुण दाबणाऱ्या दुहेरी कॉइलच्या) पिकअपची गिटार घ्यायची, इन्व्हर्टर बंद करायचा आणि पंख्याशिवाय घाम गाळत वाजवायचे. वीज जाते तेव्हा शेजारपाजारचे पंप आणि मिक्सरही बंद होतात, त्यामुळे मायक्रोफोनवरची कामे आता मी मुद्दाम त्याच वेळेसाठी राखून ठेवतो.

२६ जून

पालखीच्या आठवणीच्या प्रसंगासाठी नमन या कोकणातल्या लोकनाट्यातला मृदंग हवा होता. संगमेश्वरकडच्या एका नमन मंडळातले ज्येष्ठ मृदंगवादक यायला तयार झाले. मंडळी त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. मी मायक्रोफोन लावून तयार होतो. भाऊंनी कातड्यावर बोटे फिरवली आणि म्हणाले, ‘‘आधी तापवूया, मग वाजवूया.’’ दमट हवेत कातडे सैल पडते आणि स्वर उतरतो. शंभर वॅटचा पिवळा दिवा लावून त्यासमोर मृदंग ठेवला, कणकेचा थर पुन्हा मळून लावला आणि तासाभराने वादन सुरू झाले. तापलेला स्वर दहा-पंधरा मिनिटेच टिकतो. म्हणून लांबलचक वादन घेण्याऐवजी दोन-दोन मिनिटांचे तुकडे घेतले आणि प्रत्येक तुकड्याआधी सूर मोजून लिहून ठेवला. पुढे जोडणीच्या वेळी या आकड्यांवाचून निभाव लागला नसता.

मुख्य ध्वनिमुद्रण इंटरफेसवर झाले, शिवाय अंगणात एक हातातला रेकॉर्डर ठेवला होता. त्यातले दूरचे मुद्रण फार सुंदर आले. पण सत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कामाच्या फाइलीत, घेतल्यावर मृदंग घाईत आणि चढ्या सुरात वाजू लागला. रेकॉर्डरचा नमुनादर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४.१ किलोहर्ट्झवर होता आणि चित्रपटाचे सत्र नेहमीप्रमाणे ४८ वर. सॉफ्टवेअरमधला रूपांतराचा पर्याय बंद असल्यामुळे सगळे जवळजवळ ९ टक्के जास्त वेगाने धावत होते आणि सूर सुमारे दीड सेमीटोन वर गेला होता. पर्याय चालू करून फाइली पुन्हा आणल्या. गाण्याच्या जगात ४४.१ आणि चित्राच्या जगात ४८ ही ताटातूट बँडमधून येणाऱ्याला कधी ना कधी गाठतेच. रेकॉर्डरवर चिकटपट्टी लावून ‘४८’ लिहून टाकले आहे.

भाऊंचे मानधन, जाण्यायेण्याची गाडी आणि जेवण मिळून ९,५०० रुपये.

४ जुलै

चित्रपट ‘लॉक’ झाल्याचे, म्हणजे संकलन पक्के झाल्याचे, मला सांगण्यात आले होते. आज नवी प्रत आली आणि तिच्यात पालखीच्या प्रसंगातून १४ फ्रेम कमी केल्या आहेत. चोवीस फ्रेमना एक सेकंद, म्हणजे हा कट अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. संकलकाच्या मते एवढ्याने काही बिघडत नाही.

बिघडते ते असे. हा क्यू मी मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत बांधला होता, कारण २४ फ्रेमच्या चित्रात ७२ च्या लयीची एक मात्रा नेमकी २० फ्रेमची होते. मिनिटाला १,४४० फ्रेम. त्यांना लयीने भागले की मात्रेची लांबी मिळते. ६०, ७२, ८०, ९०, ९६ आणि १२० या लयींना पूर्णांक येतो, त्यामुळे कट आणि ठोका एकाच फ्रेमवर बसवणे सोपे जाते. पालखी खांद्यावरून उचलली जाते तो ठोका ६४ मात्रांनंतर, म्हणजे १,२८० व्या फ्रेमवर होता. आता तो १,२६६ वर आला. एक मात्रा काढावी तर २० फ्रेम जातात; ६ जास्तच. शिवाय ताल लंगडतो आणि भाऊंसारख्या माणसाचे वादन आपण लंगडे करून दाखवणार.

शेवटी लय ७२ वरून ७२.८ केली. मृदंगाचे मुद्रण सॉफ्टवेअरने एक टक्क्याने आवळले. कानाला कळत नाही. गिटार पुन्हा वाजवली, कारण स्लाइडचा घसरता स्वर आवळला, की त्याची शेपटी विचित्र वाजते. यात पूर्ण दिवस गेला. यापुढच्या करारात ‘लॉकनंतर चित्रात बदल झाल्यास वेगळे मानधन’ हे वाक्य असेल.

१२ जुलै

दोन क्यूंमध्ये चेलो हवी होती. मला स्वरलेखन येत नाही, मी टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांत) लिहितो, आणि चेलोवादक टॅब वाचत नाहीत. डॅनी एल्फमन १९८५ साली पहिला मोठा चित्रपट करायला गेले, तेव्हा ‘ओइंगो बोइंगो’ बँडमधले त्यांचे गिटारवादक स्टीव्ह बार्टेक यांनी वाद्यवृंदाची मांडणी करण्याची जबाबदारी घेतली आणि ही जोडी पुढे अनेक वर्षे टिकली. हे लक्षात ठेवून मीही आमच्या जुन्या बँडच्या कीबोर्डवादकाला पुण्यात फोन केला. तो आता बँकेत आहे. रात्री जागून त्याने दोन पाने लिहून दिली.

मी त्याला गिटारच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली प्रत पाठवली होती. गिटारचे स्वर कागदावर प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहिण्याचा प्रघात आहे आणि चेलोचे स्वर मात्र जसेच्या तसे लिहितात. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत चेलो सुरू झाली ती व्हायोलिनच्या इलाख्यात. वादकाने निमूटपणे, अवघड बोटांनी, संपूर्ण पान वाजवून दाखवले आणि मग विचारले, की तुम्हाला हे इतके वर खरोखर हवे आहे का. एक सप्तक खाली उतरवून, कागदावर खुणा करून पुन्हा घेतले. स्टुडिओचा तास १,२०० रुपये आणि वाया गेला तो जवळजवळ एक पूर्ण तास. कागद पाठवण्याआधी त्या सुरावटीतला सर्वांत खालचा स्वर नाव आणि सप्तकासह शब्दांत लिहून द्यावा, म्हणजे हा घोटाळा घरीच सापडतो.

२४ जुलै

डिस्टॉर्शनला जागा सापडली. मासेमारी पुन्हा सुरू होते आणि मुलगा एकटा ट्रॉलर घेऊन बाहेर पडतो, असा साडेतीन मिनिटांचा प्रसंग आहे. संवाद नाहीत, पाऊस नाही, नुसते इंजिन आहे. इंजिनाचा आवाज विश्लेषकावर पाहिला, तर त्याचा तळाचा स्वर ५८ हर्ट्झच्या आसपास स्थिर होता, म्हणजे जवळजवळ नेमका ए शार्प. गिटारची खालची तार त्या स्वराच्या सप्तकात उतरवली आणि इंजिनालाच तंबोरा मानून त्यावर वाजवले. इंजिन आणि अँप्लिफायर एकाच गळ्याचे वाटू लागले. दिग्दर्शकाचा फोन आला आणि या वेळी तो बराच वेळ बोलला.

‘द पोलिस’चे ड्रमवादक स्टुअर्ट कोपलँड यांनी १९८३ च्या ‘रंबल फिश’मध्ये रोजच्या आवाजांना तालात गुंफले होते. चित्रातला आवाज आणि संगीत यांच्यातली भिंत पाडण्याचा तो मार्ग तालवाद्याचा. मी इथे सुराने जायचा प्रयत्न केला.

हा क्यू आताच पुरा करण्यामागे आणखी एक कारण होते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूची इंजिने शांत असतात. ऑगस्टपासून पहाटे उघड्या खिडकीने मायक्रोफोन वापरणे अशक्य होते.

२ ऑगस्ट

सर्व क्यू पाठवले. प्रत्येक क्यू सहा स्टेममध्ये, म्हणजे वाद्यगटांनुसार वेगळ्या फाइलींत, आहे : स्लाइड, इतर गिटार, मृदंग व झांज, चेलो, खालचा सलग स्वर, आणि वातावरण. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. एका मिनिटाला एका स्टेमचे साधारण १७ एमबी होतात. ३० मिनिटांचे सहा स्टेम म्हणजे तीन जीबीच्या थोडे वर. घरच्या इंटरनेटवर पाऊस चालू असताना ते वारंवार तुटले, म्हणून हार्ड डिस्क कोकण रेल्वेने जाणाऱ्या भाच्याबरोबर दिली. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला चित्राच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमचा टोन ठेवला आहे. मिश्रणकार हा ‘टू-पॉप’ चित्रावरच्या खुणेशी जुळवून पाहतो आणि जुळणीबद्दलचे निम्मे फोन वाचतात.

९ ऑगस्ट

अंधेरीतल्या स्टुडिओत अंतिम मिश्रण. ट्रॉलरचा प्रसंग सुरू झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. गिटार आणि इंजिन एकमेकांवर घासत होते, सेकंदाला तीनेक हेलकावे स्पष्ट ऐकू येत होते. चित्रीकरणाच्या वेळच्या इंजिनात वाऱ्याची खरखर होती, म्हणून ध्वनिआरेखकाने ते काढून दुसरे स्वच्छ इंजिन लावले होते. त्याची निवड योग्यच होती. नव्या इंजिनाचा तळस्वर ५५ हर्ट्झ, म्हणजे नेमका ए. माझ्यापेक्षा बरोबर एक सेमीटोन खाली.

पहिला विचार गिटार खाली उतरवण्याचा आला. डिस्टॉर्शन असलेला आवाज सॉफ्टवेअरने उतरवला, की तो चिकट होतो, आणि पुन्हा वाजवायला गिटार बरोबर नव्हती. ध्वनिआरेखक शांतपणे म्हणाला, ‘‘सर, इंजिन वर घेऊ या की. इंजिनाला कोण बेसूर म्हणणार?’’ इंजिन एक सेमीटोन चढवले आणि दहा मिनिटांत काम झाले. चित्रपटातल्या एखाद्या आवाजाला सूर जुळवून संगीत केले असेल, तर त्याची फाइल आणि तळस्वराचा आकडा त्याच दिवशी ध्वनिआरेखकाकडे पाठवावा.

पहिल्या भांडणाच्या प्रसंगात दिग्दर्शकाने स्लाइड आणखी दोन डेसिबल खाली घ्यायला सांगितली. जूनमध्ये ज्याला तो मोठा आवाज हवा होता, तोच आता म्हणत होता की समुद्र ऐकू येऊ दे.

२० ऑगस्ट

हिशेब. तारा, सिलिका जेल, दिवा आणि किरकोळ ४,८००, मृदंग ९,५००, चेलोवादक व मुंबईचा स्टुडिओ २३,०००, दोनदा मुंबईला जाणे-राहणे ११,२००, कीबोर्डवादक मित्राने पैसे घेतले नाहीत, त्याच्याकडे आंब्याच्या मोसमात पेटी जाईल. १० टक्के टीडीएस कापून हप्ते येतात हे मी धरलेच नव्हते. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो, पण महिन्याच्या खर्चाला तोवर उपयोगी पडत नाही.

क्यू शीट भरून दिली. प्रत्येक क्यूचे नाव, लांबी, संगीतकार आणि तो कुठे वाजतो, एवढे त्यात असते. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घेतले आहे. वाहिनीवर किंवा ओटीटीवर चित्रपट दाखवला गेला, की शुल्काची वाटणी याच कागदावरून होते. क्यू शीट निर्मात्याच्या माणसाने आठवणीने भरावी असा नियम असला, तरी संगीतकारानेच भरून त्याच्याकडून तपासून घेतलेली बरी. माझ्या चेलोच्या दोन्ही क्यूंची लांबी आधीच्या मसुद्यात शून्य होती.

याच निर्मात्याने एका मालिकेबद्दल विचारले आहे. ते काम निराळे आहे. रोजच्या भागाला स्वतंत्र संगीत कोणी करत नाही. ताण, आनंद, संशय, विरह अशा भावांचे तुकडे एकदाच करून संग्रह द्यायचा, आणि संकलन विभाग ते हवे तसे लावतो. तिथे फ्रेमवर ठोका बसवण्याचा प्रश्न येत नाही. प्रत्येक तुकडा कुठेही तोडता यावा आणि कुठूनही सुरू करता यावा, हा प्रश्न येतो. म्हणून सर्व तुकडे एकाच पट्टीत आणि दोनच लयींत करण्याचा विचार आहे. शीर्षकसंगीत मात्र प्रत्येक भागाला वाजते, त्यामुळे त्याची नोंद क्यू शीटवर प्रत्येक भागागणिक व्हायला हवी, हे कलम मसुद्यात घालून परत पाठवले आहे. चित्रपटाचा शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता अजून यायचा आहे. त्यासाठी सोमवारी फोन करायचा आहे.